बाबांच्या चपला आणि लाळ्या-खुरकूत

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे, जेवतोय, झोपतोय, वजन अजिबात कमी झालेलं नाही, व्हिडिओ कॉलवर लाईटमुळं तसं दिसतं. तुमच्या तिकिटांचं डिसेंबरचं बघतोय, तेव्हा मेलबर्नला उन्हाळा असतो, स्वेटरनं बॅग भरू नका.

आई, तू म्हणालीस एवढ्या लांब पोराकडं रिकाम्या हातानं कसं यायचं, पण पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको गं. आपल्या जनावरांना होतो तो लाळ्या-खुरकूत इथं ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आलेलाच नाही, आणि यांचा केवढा धंदा गाई-मेंढ्यांवर, मग जिथं रोग आहे तिथलं दूध, मांस ते आत येऊ देत नाहीत. आपलं दूध वाईट असं कुणी म्हणत नाही बाबा, लगेच चिडू नका. आंबा, ताजी फळं, पेरायचं बी पण नको. मसाला, चटणी आण, पण सोबत काय आणलंय ते सांगायचं कार्ड असतं, त्यावर लिही.

हे कार्ड विमानात देतात आणि त्यात एक प्रश्न असतो, की गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होता का. आता बाबा रोज गोठ्यातच असतात, तर 'हो' वरच खूण करायची, घाबरून 'नाही' करू नका. इथं 'हो' म्हटलं की विमानतळावरचा माणूस बॅग उघडून बघतो, चालत नसेल ते काढून घेतो आणि वर थँक्यू म्हणतो, दंड नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र हजारो डॉलर. कुत्रीपण फिरतात वास घेत, ती चावत नाहीत. चपला-बुटांची माती ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून आणायची, खाचेतलीसुद्धा, खरंच बघतात. बाबांची तुळशीची माळ गळ्यातच राहू द्या, फक्त लाकडाच्या वस्तूंपुढंही 'हो' करा. बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांपुरत्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

दहा हजार डॉलर किंवा जास्त रोख असेल तर तीही सांगावी लागते, पण तेवढी असती तर शिक्षणाचं कर्ज अजून कशाला राहिलं असतं. हप्ते चालू आहेत, एकही चुकलेला नाही, बँकेतून फोन आला तर मला कळवा, आणि तिकिटासाठी गाय विकायचं डोक्यातून काढा, पैसे मी भरतोय. आजीच्या वर्षश्राद्धाला आलो नाही म्हणून आत्या बोलली असेल, सुट्टी नव्हती, म्हणजे सुट्टी होती पण त्या महिन्यात भाडं वाढलं होतं, जाऊ दे.

मावशीनं पाठवलेला बायोडाटा बघितला, मुलगी चांगली आहे, नाही म्हणत नाही, पण तुम्ही इथं आल्यावर बोलू, तोवर तिकडं कुणाला शब्द देऊ नका. आणि व्हिसाच्या फोटोत बाबांना टोपी काढायला लाव.

तुमचा,
बाळू