शुश्रूषा केंद्र रात्री जाऊन पाहा

महोदय,

वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना नातेवाईक इमारत, बाग, जेवणाचा तक्ता पाहतात. खरी परीक्षा रात्रीची असते. न कळवता रात्री किंवा सुटीच्या दिवशी जावे आणि त्या पाळीत एका कर्मचाऱ्याकडे किती जण आहेत, ते विचारावे. कुणी घंटा दाबली तर किती वेळात कोण येते, हेही पाहावे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माणसे अपुरी असली की आधी हेच राहून जाते आणि माकडहाडावर, टाचांवर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात. कूस बदलल्याची नोंदवही जरूर मागावी. पुढच्या वेळांच्याही सह्या आधीच झालेल्या असतील, तर तिथे फक्त वही भरली जाते आहे.

दरमहा वजन करतात का? महिन्याभरात पाच टक्के वजन घटले, तर डॉक्टरांनी कारण शोधलेच पाहिजे. अनेकदा भरवायला कुणी बसलेलेच नसते. स्वच्छतागृहात आधाराचे दांडे हवेत. आणि आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारासमोर खाटा, चाकाच्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या, तर तिथे आपले माणूस ठेवू नये.