धनुष्य झकास, पण ट्रक कुठे लावायचा?

ती. स्व. काका, सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

कृष्णेकाठी सांगलीला नाट्यकला केंद्र, हा माझा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा थिसिस. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच रंगभूमीवर आणलं, म्हणून माझ्या इमारतीचं छप्पर शिवधनुष्याचं! दोन महिने त्या कमानीत गेले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून शीट बघितलंत नि म्हणालात, "धनुष्य झकास. ट्रक कुठे लावायचा?"

राग आला होता मला. थिएटरचं स्टेज मोजायला आलेल्या मुलीला बॅकस्टेजच्या माणसाने कॉन्सेप्ट शिकवावा? मग तुम्ही प्रयोग सुटल्यावर थांबवून घेतलंत. रात्री साडेबाराला एक फ्लॅट, म्हणजे सेटची सुटी भिंत, दोघांत धरून मागच्या दाराने बाहेर काढला. दोन वळणं, अकरा पायऱ्या, वरून पाऊस. कोपऱ्यावर भिंतीचा गिलावा निघालेला होता, फ्लॅट घासून घासून. माझ्या प्लॅनवर त्या जागी नुसतं ‘सर्व्हिस’ लिहिलेलं होतं.

आणि साइट नदीकाठची. तिथल्या एका भिंतीवर 2019च्या पुराची खूण माझ्या डोक्याच्या वर होती. म्हणजे स्टेज, मेकअप रूम, सेटचं गोदाम, सगळं उचलायला हवं. मी बारा फूट उचललं. तुमचा प्रश्न परत आलाच: बारा फुटांवर ट्रक चढणार कसा?

एकास बाराचा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, धरला की 144 फूट. मधले सपाट टप्पे धरून त्याहून लांब. एवढा रॅम्प इमारतीच्या मागे लपवता येईना, तेव्हा पुढे आणला. त्याच उतारावरून व्हीलचेअर चढेल, गुडघे दुखणाऱ्या आज्या चढतील आणि रात्री तुमचा ट्रक. सुटलेल्या गर्दीत ट्रक घुसेल, ही माझी भीती तुम्हीच घालवलीत: आधी सेट उतरवायचा, मग ट्रक लागतो, तोवर प्रेक्षक घरी पोचलेले असतात. सपाट टप्प्यांवर कट्टे केले. खालचा मजला मोकळा ठेवला, पुरात नदीचा, एरवी बिनतिकिटाच्या माणसांचा.

पणजीच्या कला अकादमीत जाऊन ये, हेही तुम्हीच म्हणालात. तुम्हाला तिथल्या सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक आठवत होते ("हाउस रिकामं असलं तरी भरल्यासारखं वाटतं"). मी मात्र तिचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी रस्त्यापासून मांडवीपर्यंत कशी वाट काढून दिलीय तेच बघत बसले. ठेंगणी इमारत, नाटक बघायचं नसलं तरी आत शिरावंसं वाटतं.

ज्यूरीत, म्हणजे थिसिसच्या परीक्षकांपुढे, एकांनी विचारलं, "कॉन्सेप्ट काय?" मी म्हटलं, "रॅम्प." जरा वेळ कोणी बोललं नाही. मग प्रश्न सुरू झाले ते पाऊण तास चालले, आणि त्यातला एकही छपराबद्दल नव्हता. छप्पर आता साधं उतरतं आहे, पत्र्याचं.

मॉडेलमध्ये रॅम्पच्या वरच्या टोकाला काडेपेटीचा ट्रक चिकटवला होता. तो तुमच्यासाठी सोडवून ठेवलाय. पुढच्या प्रयोगाला घेऊन येते.

जेवून येईन.

तुमची,
आर्किटेक्टबाई