‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने टेन्शन जात नाही

महोदय,

शालेय नेमबाजी स्पर्धांचे दिवस आले की रेंजच्या दाराशी एकच वाक्य कानावर येते : ‘टेन्शन घेऊ नकोस, मन खंबीर ठेव.’ सांगणाऱ्याची माया खरी असते, पण मुलांना त्यातून करण्यासारखे काहीच मिळत नाही. सरावात 620 गुण मिळवणारी मुलगी स्पर्धेत 608 वर आली की तिला मनाने कच्ची ठरवतात. खरे तर दडपण आल्यावर नेमके काय करायचे, हे तिला कोणी शिकवलेलेच नसते.

10 मीटर एअर रायफलमध्ये 75 मिनिटांत 60 शॉट, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट मिळते. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका शॉटचे कमाल गुण 10.9. एखादा शॉट 9.2 लागला, तर गेलेले गुण पुढच्या शॉटवर वसूल होत नाहीत, कारण 12 गुणांचा शॉट नसतोच. तरी मूल वसुलीच्या मागे लागते. रायफल घाईने खांद्याला जाते, गाल नेहमीच्या जागी टेकत नाही, ट्रिगर हळूहळू दाबण्याऐवजी झटक्याने ओढला जातो आणि पुढचा शॉटही नऊमध्ये जातो. पहिली चूक हाताची असेल, दुसरी मात्र घाईची असते, आणि ती सरावाने टाळता येते.

त्यासाठी प्रत्येक शॉटचा क्रम ठरलेला हवा. रायफल खांद्याला लावून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट (रायफलवरचा नेम धरण्याचा भाग) लक्ष्यापासून डावी-उजवीकडे सरकलेली दिसली, तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. मग अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि साधारण आठ सेकंदांत शॉट सोडायचा. तेवढ्यात सुटला नाही, तर रायफल खाली घ्यायची. त्यापुढे नजर थकते, हात थरथरतो आणि ‘आता मारूनच टाकू’ हा विचार येतो. रायफल खाली घेणे ही हार वाटता कामा नये, म्हणून सरावातच दर दहा शॉटमागे दोनदा ती मुद्दाम खाली घ्यायला लावावी. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद साइटमधून नजर काढायची नाही.

दुसरा सराव शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर कागदाने झाकून करावा. शॉट कुठे लागला ते मुलाने आधी घड्याळाच्या भाषेत सांगायचे, ‘दोन वाजता, 10.1’, आणि मगच कागद उचलायचा. अंदाज आणि निकाल दोन्ही वहीत लिहायचे. अंदाज जुळू लागले की मूल गुणांवर नव्हे, शॉटवर विचार करू लागते. छातीतल्या धडधडीची सवय हवी असेल, तर दोन जिने धावत चढून यायचे आणि लगेच एकच शॉट मारायचा. स्पर्धेत नाडी वाढणारच, हे आधी माहीत असलेले मूल तिला घाबरत नाही. फारच वाढली, तर रायफल स्टँडवर ठेवून चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असे दोन मिनिटे करावे. 75 मिनिटांत तेवढा वेळ निघतो.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. अंतिम फेरीत नीलिंगच्या (गुडघ्यावर बसून) पंधरा शॉटनंतर तो सहावा होता, प्रोननंतर (पालथे झोपून) पाचवा. पदक मिळाले ते स्टँडिंगमध्ये (उभे राहून), तिन्हींत सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या पोझिशनमध्ये. पंधराव्या शॉटला क्रमांक पाहून जो वसुलीला निघतो, त्याला तिथवर पोहोचता येत नाही.

पालकांना कळकळीची विनंती : मुलाच्या पाठीमागे उभे राहून मोबाइलवर बेरीज करू नका आणि मध्येच ‘उरलेल्या दहात 104 हवेत’ अशी खूण तर मुळीच नको. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा विषय त्या दिवशी घरीही काढू नये. संयोजकांनी प्रेक्षकांची जागा नेमबाजाच्या नजरेआड, निदान दोन-तीन मीटर मागे ठेवावी. त्याला एक दोरी आणि चार खुर्च्या पुरतात.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर