महालक्ष्मी स्टेशनला महालक्ष्मी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मुंबईच्या ट्रॅफिकवर, खड्ड्यांवर रोज काही ना काही येतं, पण ते सगळं मुंबईत राहणाऱ्यांच्या बाजूनं असतं. आम्ही बार्शीचे. वर्षा-दोन वर्षातनं एकदा कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, रात्रभर झोपायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं एवढाच आमचा आणि मुंबईचा संबंध. नाताळच्या सुट्टीत आई, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघं चार दिवसांसाठी गेलो होतो, त्यावरनं जे वाटलं ते लिहितोय, जमलं तर छापा.

आईला महालक्ष्मीला जायचं होतं. लॉज दादरला. म्हणलं सोप्पं आहे, वेस्टर्नवर महालक्ष्मी नावाचं स्टेशनच आहे, रिटर्न तिकीट काढलं आणि आली ती गाडी पकडली. ती निघाली फास्ट. प्रभादेवी गेलं, लोअर परळ गेलं, महालक्ष्मी डोळ्यासमोरनं सर्रकन गेलं आणि आम्ही थेट मुंबई सेंट्रलला. आता खरं सांगायचं तर अनाउन्समेंट मराठीतच झाली होती, जलद लोकल म्हणून, पण त्या गर्दीत आईचा हात धरायचा, पोराकडं बघायचं का कान टवकारायचे? आणि इंडिकेटरवर काय, तर एक इंग्रजी अक्षर, एफ किंवा एस. ज्याला माहितीय त्याला ते पुरतं, माझ्या आईला एफ म्हणजे फास्ट हे कोण सांगणार, मलाच त्या दिवशी कळलं.

मुंबई सेंट्रलला एक पोरगा म्हणाला, काका मंदिरात जायचंय ना, मग इथनंच टॅक्सी करा. मी शहाणा! म्हणलं नको, महालक्ष्मीलाच उतरू, तिथनं चालत जाऊ. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरनं स्लो पकडून एक स्टेशन मागं आलो (तिकीट महालक्ष्मीपर्यंतच होतं, टीसी भेटला नाही हे नशीब). पुलावर चढून बघतो तर खाली धोबीघाट. हौदच्या हौद, वाळत घातलेल्या चादरी, शर्ट, हिरवे गाऊन. आई विचारतेय, देऊळ कुठंय? एका बाईंनी हसत हसत सांगितलं, आजी, देऊळ इथं नाही, तिकडं समुद्राकडं, हाजीअलीच्या पुढं, टॅक्सी करावी लागंल. म्हणजे तो पोरगा बरोबर होता. मुलगा मात्र खूश, त्याला धोबीघाट देवळापेक्षा जास्त आवडला.

आता माझं म्हणणं एवढंच, की हे आमच्यासारख्या कितीजणांचं होत असेल. त्या पुलावर एक पाटी लावायला काय जातंय, 'महालक्ष्मी मंदिर येथून लांब आहे, बस किंवा टॅक्सीने जावे' आणि खाली बसचे नंबर. आता भुयारी मेट्रोचंही महालक्ष्मी स्टेशन झालंय, तेही देवळापासून लांबच. म्हणजे चुकायला दोन जागा झाल्या.

टॅक्सीचं पण तसंच. पहिल्या दिवशी दादरवरनं सिद्धिविनायकला जायला एकानं दीडशे सांगितले, मीटर टाका म्हणलं तर मान वळवली. फेब्रुवारी 2025 पासनं काळ्यापिवळ्याचं कमीत कमी भाडं 31 रुपये आहे हे मला लॉजवाल्यानं नंतर सांगितलं, आधी माहीत असतं तर भांडलो तरी असतो. आई म्हणत होती रिक्षा कर की, रिक्षा का नाही दिसत? तिला कसं सांगू की रिक्षा माहीम-शीवच्या अलीकडं येतच नाहीत, हे मला स्वतःला अर्धा तास उभं राहिल्यावर कळलं. स्टँडवर भाड्याचा तक्ता मोठ्या अक्षरात मराठीत लावला तर निम्मी वादावादी तिथंच संपंल.

सगळंच वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी गेटवे बघून हुतात्मा चौकातनं मेट्रो पकडली, सिद्धिविनायक स्टेशनलाच उतरलो, सरकते जिने, एसी, आईचे गुडघे एकदा पण दुखले नाहीत. ती लाइन ऑक्टोबर 2025 पासनं पार कफ परेडपर्यंत सुरू झालीय, पण पहिल्या दिवशी दीडशेवाल्याशी घासाघीस करताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, दादरला पण तिचं स्टेशन आहे आणि सिद्धिविनायक पुढचंच!

आणि दादर. माझा चुलतभाऊ दहा वर्षांपूर्वी मुंबईत नोकरीला होता, तो फोनवर सांगत होता, पाच नंबरवरनं पकड. अरे पण कुठल्या पाच नंबरवरनं? त्याच्या वेळी वेस्टर्नचा पाच नंबर वेगळा आणि सेंट्रलचा वेगळा होता. डिसेंबर 2023 पासनं वेस्टर्नचे 1 ते 7 आणि सेंट्रलचे 8 ते 14 असे सलग नंबर केलेत, आता चुकायचं काम नाही. हे काम ज्यानं कुणी केलं त्याला सलाम, असंच साधं साधं करा ना बाकीच्या ठिकाणी.

अजून एक. लोकलला एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. सगळ्या लाइनींवर चालतं, सारखं रांगेत उभं राहायला नको. मला हे कधी कळलं? चौथ्या दिवशी, परतीच्या तयारीत असताना, खिडकीवरच्या बाईंकडनं. मुंबई वन नावाचं अ‍ॅप पण निघालंय म्हणे, लोकल, मेट्रो, बस सगळ्याचं तिकीट एकात, ते भाच्यानं सांगितलं. सोयी आहेत हो, पण गावाकडनं सकाळी गाडीतनं उतरणाऱ्या माणसाला त्या दिसायला पाहिजेत, बाहेर पडायच्या दारावर एक मोठा बोर्ड, मराठीत, बस्स.

माणसांबद्दल मात्र तक्रार नाही. परतताना लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट आईला दिली. एक माणूस स्वतः उभा राहिला आणि वर आम्हाला म्हणाला, दादरला उतरायचंय ना, मग आत्तापासनं दाराकडं सरका, मागनं येणारे ढकलतील, घाबरू नका, पिशवी पोटाशी धरा. असं कुठल्या बोर्डावर लिहून मिळणार.

घारापुरी राहून गेली, आम्ही सोमवारी गेटवेला पोचलो आणि लेणी सोमवारी बंद. मे महिन्यात परत जायचंय, पोराला राणीची बाग बघायचीय. ती बुधवारी बंद असते, हे यावेळी आधीच बघून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, बार्शी