पाचक कॅप्सूलविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरून परत येऊन आठवडा झाला, तरी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलची डबी माझ्या मनातून जात नाही. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून तुम्ही दोघे ती ओव्याइतकीच निरुपद्रवी समजता. मी तिच्यावरचे घटक वाचले आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

बाबा, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुम्ही साखरेसाठी अकार्बोजची जी गोळी घेता, ती पोळी-भातातल्या पिष्टाची साखर होण्याचा वेग कमी करते. या कॅप्सूलमधले अमायलेज तेच पिष्ट फोडते, त्यामुळे अकार्बोजचा परिणाम कमी होऊ शकतो आणि ही दोन्ही एकत्र घेऊ नयेत असे सांगितले जाते. जेवणानंतरची साखर वाढली तेव्हा तुम्ही सारा दोष संत्र्यांना दिलात आणि नागपुरात राहून ऐन मोसमात संत्री सोडलीत, याचे मला फार वाईट वाटले. साखर कॅप्सूलमुळेच वाढली असे मी म्हणत नाही. परंतु डबी डॉक्टरांना दाखवलीच नाही, तर त्यांना तरी कसे कळावे?

तिच्यात पपईतले पपेन आणि अननसातले ब्रोमेलेनही आहे. तुम्ही हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेता आणि तिच्या जोडीने या द्रव्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त आले किंवा शौचास काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आई, तुला होणारी मळमळ, पोटातला मुरडा आणि पातळ जुलाब हे अशा कॅप्सूलचे नेहमी आढळणारे परिणाम आहेत, आणि तू मात्र त्यांवर उपाय म्हणून आणखी एक कॅप्सूल घेतेस. गिळता येत नाही म्हणून ती फोडून पूड तोंडात धरतेस, त्यानेही तोंड येते. शिवाय तिच्यातले पॅन्क्रिएटिन बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे हे तुला कोणीतरी आधीच सांगायला हवे होते.

ज्यांचे स्वादुपिंडच नीट काम करत नाही त्यांना डॉक्टर ही एन्झाइमे मोजून देतात. तुम्हा दोघांना ती कोणीही लिहून दिलेली नाहीत. सोमवारी तपासणीला जाताना डबी बरोबर न्या आणि तोवर कॅप्सूल घेऊ नका. अकार्बोज आणि अ‍ॅस्पिरिन मात्र बाबा, एक दिवसही चुकवू नका.

तुमची,
लेक