आकाशात रांग दिसते, पण ती खरी असते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहांची परेड, महायोग, दुर्मिळ युती असल्या बातम्या हल्ली वर्षातून एकदोनदा येतातच आणि सोबत तेच चित्र, सगळे ग्रह एका सरळ रेषेत एकमेकांना खेटून उभे. मग लगेच सोसायटीच्या ग्रुपवर भूकंप होणार, समुद्र खवळणार, प्रवास टाळा असे फॉरवर्ड सुरू होतात आणि चांगली शिकलेली माणसं घाबरतात हो, म्हणून हे पत्र.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मधे अशीच बातमी गाजली होती. तेव्हा संध्याकाळी गच्चीवर जाऊन ज्यांनी खरंच बघितलं त्यांना शुक्र आणि शनी पश्चिमेला, गुरू वर रोहिणीजवळ आणि मंगळ पार पूर्वेकडे पुनर्वसूपाशी दिसला असेल, म्हणजे ती रांग जवळजवळ अख्ख्या आकाशभर पसरलेली! कारण साधं आहे, सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात (त्यातल्या त्यात बुधाची कक्षा जास्त कललेली, तीही ७ अंशच) आणि आपली पृथ्वीपण त्याच पातळीत, त्यामुळे दोन ग्रह असोत की सहा, सूर्य-चंद्र ज्या वाटेने जातात त्याच पट्ट्यात ते कायम दिसणार.

युतीचंही तेच. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ दिसत होते आणि प्रत्यक्षात दोघांमधे ७० कोटी किलोमीटरहून जास्त अंतर होतं. खिडकीतून समोरचा खांब आणि लांबचा डोंगर एकावर एक दिसतात, म्हणून काही खांब डोंगरावर उभा नसतो ना.

जुन्या लोकांना १९६२ ची अष्टग्रही आठवत असेल. फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमणार म्हणून जगबुडीची भीती, देशभर यज्ञ, जप, होमहवन. त्या आठात सूर्य आणि चंद्र धरलेले आणि आठवा केतू, जो मुळात गोळाच नाही, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो नुसता बिंदू! हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश झाकले जातात, तर ही सगळी मंडळी दोन मुठींत मावत होती, पण मधे सूर्यच असल्यामुळे दिसायला काहीच नव्हतं. ५ फेब्रुवारीला न्यू गिनीकडे खग्रास सूर्यग्रहण तेवढं झालं. जग आहे तिथेच आहे. ५ मे २००० च्या आधी पुन्हा तीच घबराट आणि पुन्हा काहीही नाही.

राहिला ग्रहांच्या ओढीचा प्रश्न. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे, त्याच्या निम्म्याहून थोडा कमी वाटा सूर्याचा. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरतीची ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नसते आणि गुरू वजनाला ३१८ पृथ्वींएवढा असला तरी इतका लांब की त्याची त्याहून कमी. सगळ्यांची बेरीज केली तरी समुद्राला पत्ता लागत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी ते खेटून उभ्या ग्रहांचं चित्र छापू नका, त्याऐवजी किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी वर बघायचं ते द्या, आणि प्रत्येक ग्रहाच्या नावापुढे त्या दिवशीचं त्याचं अंतर छापा.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली