हॅना-बार्बेरा यांची आठवण

महोदय,
'टॉम अँड जेरी'ने सात ऑस्कर मिळवूनही एमजीएम या चित्रपट कंपनीने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला. ही मालिका घडवणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी मग टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. पैसा तुटपुंजा, म्हणून चित्रेही कमी. त्यांच्या कार्टूनमधल्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आहे तीही त्यासाठीच: धड तसेच ठेवून नुसते डोके हलवता येई! या काटकसरीला अनेकांनी नावे ठेवली. मला त्यात कारागिराची जिद्द दिसते. पुढे मालक बदलत गेले. १९९१ मध्ये टर्नर या टीव्ही कंपनीने स्टुडिओ घेतला, त्यातूनच तिच्या कार्टून नेटवर्क वाहिनीला कार्टूनचा खजिना मिळाला. २००१ मध्ये हॅना गेले, स्टुडिओही वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात विलीन झाला. आपल्या बालपुरवणीत या दोघांवर लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे